गार इंजिन

जुन्या मोटारसायकलींच्या मंडळाचं पत्र आलं तेव्हा मोजणीकाका जेवत होते. त्यांनी पत्र एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि हातही न धुता उठून अंगणात गेले. तिथे त्यांची अठ्ठेचाळीस वर्षांची मोटारसायकल स्टँडवर उभी होती. तिच्या सीटवर त्यांनी डाव्या हाताने थाप मारली आणि स्वयंपाकघरात बायकोला ऐकू जाईल अशा बेताने गाडीलाच सांगितलं, की झालं बाई, लागला तुझा नंबर.

काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या जमिनी साखळीने मोजल्या, आणि ती साखळी, ती तिपाई, नकाशांच्या गुंडाळ्या हे सगळं या गाडीने वाहिलं. म्हणून गल्लीने त्यांना मोजणीकाका केलं होतं. मंडळ दर वर्षी चाळीस जुन्या गाड्या घेऊन समुद्रावरच्या दीपगृहापर्यंत जाऊन येई. काकांनी दोनदा अर्ज केला होता. एकदा अर्ज उशिरा पोचला, एकदा यादी भरली. यंदाही यादी भरलीच होती, पण ऐन वेळी एकाने माघार घेतली आणि एक जागा मोकळी झाली. मंडळाचा नियम असा, की चालवणारा पंचाहत्तरीच्या आतला हवा. काकांना पंचाहत्तर पुरी व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. परीक्षक घरी येऊन गाडी पाहतील, टाकीत आतून गंज आहे का तेही बघतील. आणि दुसरी: ‘इंजिन पूर्णपणे गार असावे व ते परीक्षकांसमोर तीन किकांत सुरू व्हावे.’

“तीन?” काका हसले. “तीन कशाला लागतात? आमची पहिल्या किकला सुरू होते. अठ्ठेचाळीस वर्षांत दुसरी किक मारल्याचं आठवत नाही मला.”

मुलाने मान डोलावली, सुनेने टाळी वाजवली. काकांची थोरली बहीण याच घरात राहायची. काकू तिला वन्सं म्हणत. तिनेसुद्धा भावाकडे कौतुकाने पाहिलं, आणि ते तिला फारसं जमत नसे. फक्त काकू हातात पळी घेऊन होत्या तिथेच उभ्या राहिल्या. कारण दुसरी किक मारली नाही हे अगदी खरं होतं, पण एक सकाळ सोडली, तर गार इंजिनावर पहिली तरी कुठे मारली होती?

लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा होता. काकांनी एका गारठलेल्या सकाळी गाडीला किक मारली आणि ती किक उलटी येऊन त्यांच्या नडगीवर बसली. पाय टम्म सुजला. दहा दिवस ते पलंगावर पडून होते. अकराव्या दिवशी ते गाडीसमोर उभे राहिले ते असे, जसा एखादा मुलगा गृहपाठ न करता हेडमास्तरांसमोर उभा असावा. काकूंनी खिडकीतून ते पाहिलं. त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेल्या आणि सगळं विचारून आल्या. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरचं बारीक बटण दाबून धरायचं, बोटाला पेट्रोलचा ओलावा लागेपर्यंत. मग किक हळूच खाली नेत पाय जिथे अडतो तिथे थांबायचं, ती पुन्हा वर घ्यायची आणि मग न घाबरता शेवटपर्यंत रेटायची. पाय मध्येच उचलला की ती उलटते.

दुसऱ्या दिवशी काका पेपर आणायला गेले. काकूंनी कॅनव्हासचे बूट चढवले, गाडी सुरू केली आणि पाच मिनिटं तशीच ठेवली. आधी ती धापा टाकल्यासारखी बोलत होती. मग आवाज संथ झाला, तशी बंद केली. काका आले, जीव मुठीत धरून त्यांनी किक मारली आणि गाडी एकदम सुरू झाली. त्या दिवशी कचेरीला जाताना त्यांची पाठ अशी ताठ होती, की काकूंना काही सांगवेना. मग दुसऱ्या दिवशीही सांगवेना. असं करत अठ्ठेचाळीस वर्षं गेली. नवऱ्याच्या बढाईला आतल्या बाजूने टाके घालत राहणं हे त्या काळच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नसे.

गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. समोरचा शिंपी तर काकूंच्या किकेवर दुकानाची फळी उघडायचा. मुलाला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. काकांना तेवढं माहीत नव्हतं. पेपरचं दुकान कोपऱ्यावरच, दोन मिनिटांच्या वाटेवर, पण तिथून यायला त्यांना वीस मिनिटं लागत. पुरुषांच्या गप्पांना वेळ लागतोच, असं काकू समजून चालत. कधी इंजिनाला हात लागला आणि चटका बसला तर काका म्हणत, की अंगण पूर्वेला आहे ना, उन्हाने तापते बिचारी.

पत्र आल्यापासून परीक्षक येईपर्यंत आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत काकूंनी नाना तऱ्हेने सांगून पाहिलं. भांडी विसळता विसळता एकदा त्या सहज म्हणाल्या, की अशा जुन्या गाड्यांना म्हणे एक बटण असतं.

“अगं, ही गाडी मी अठ्ठेचाळीस वर्षं सुरू करतोय,” काका म्हणाले.

यावर बायकोने काय बोलावं? त्यांनी पुढचं भांडं विसळायला घेतलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांनी टाकीतलं सगळं पेट्रोल काढून मेकॅनिकला देऊन टाकलं, म्हणजे परीक्षकाला आतून टाकी नीट दिसेल. परीक्षेपुरतं एक कपभर पेट्रोल तेवढं परत ओतलं. मग घरातल्या सगळ्यांना बोलावून हुकूम सोडला, की उद्या परीक्षक येईपर्यंत गाडीला कुणीही बोट लावायचं नाही. हुकूम देताना ते काकूंकडे जरा जास्त वेळ बघत होते, असं सुनेला वाटलं.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सहा वाजता काका पेपर आणायला निघाले. काकू अंगणात येऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या. हुकूम मोडायचा नव्हता. पण त्यांनी मनाशी हिशोब केला, की परीक्षक दहाला येणार. आत्ता पाच मिनिटं सुरू केली तर चार तासांत गार होईलच, पण सकाळ झाल्याचं तिला कळलेलं असेल. माणूससुद्धा एकदा उठून पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा लवकर उठतो. त्यांनी बूट चढवले.

साडेसातला काका अंघोळीला गेले आणि काकू दूध आणायला. न्हाणीघर मागच्या बाजूला, नळ मोठा सोडलेला आणि वर काकांचं गाणं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा दोन कडवी जास्तच गायले. नुकत्याच उठलेल्या मुलाला वाटलं, आई पडली शब्दाची पक्की, आज काही तिने गाडीला हात लावला नसणार. म्हणजे बाबांची फजिती ठरलेली. त्याने गाडी सुरू केली, पाच मिनिटं ठेवली, बंद केली, आणि आपण एक मोठं गुपित सांभाळतो आहोत अशा चेहऱ्याने चहा प्यायला.

नऊ वाजता काका एकदम म्हणाले, न्हाव्याकडे जाऊन येतो. चारच दिवसांपूर्वी त्यांनी केस कापले होते. कापण्यासारखं डोक्यावर काही उरलं नव्हतं. पण ते गेले. ते वळणाआड जाताच शिंपी गळ्यातल्या टेपसकट रस्ता ओलांडून आला. सकाळी तो बहिणीकडून उशिरा परतला होता, त्यामुळे काकूंची किक त्याच्या कानावर पडली नव्हती आणि त्याला चैन पडत नव्हतं. काकू देवळात होत्या, मुलगा आणि सून फराळाचं आणायला गेले होते. दारात एकट्या वन्सं बसल्या होत्या. दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली. शिंपी जबाबदार माणूस. पाच मिनिटांवर न भागवता त्याने दहा मिनिटं गाडी चालू ठेवली.

पावणेदहाला परीक्षक आले. उंच, शिडशिडीत, हातात फडक्यात गुंडाळलेली वही. काकाही न्हाव्याकडून परतले होते, डोकं होतं तसंच. परीक्षकांनी नमस्कार केला, गाडीभोवती एक फेरी मारली, समाधानाने हुंकार दिला आणि तापलेल्या मुलाचं कपाळ पाहावं तसा हात उलटा करून इंजिनाला लावला. लगेच तो काढूनही घेतला.

“ही तर भट्टी आहे,” ते म्हणाले.

“अंगण पूर्वेला आहे,” काका म्हणाले. “उन्हाने तापते.”

परीक्षकांनी वर पाहिलं. आभाळात सूर्याचा पत्ता नव्हता. सगळे वर बघू लागले, जणू कुणी सूर्य लपवून ठेवला होता आणि आता तो शोधून द्यायचा होता. परीक्षकांनी वही मिटली. गरम इंजिन म्हणजे खोड लपवणं, आणि अशी गाडी मंडळ घेत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. ते पाहून मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, बाबांचा दोष नाही, गाडी मी सुरू केली होती. काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, तू कशाला, मी केली होती. तेवढ्यात शिंप्याने समोरून हात वर केला. तिघंही एकमेकांकडे असे बघत होते, जणू एका घरात तीन चोर शिरावेत आणि अंधारात एकमेकांवर आदळावेत.

“मी नुसती किल्ली दिली,” वन्सं म्हणाल्या. “मला मोजू नका.”

परीक्षक इतकी वर्षं गाड्या तपासत होते, पण एका इंजिनाला एका सकाळी तिघांनी गरम केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं, पण ते त्यांनी आवरलं. गावात आणखी दोन गाड्या बघायच्या आहेत, असं ते म्हणाले. चार वाजता परत येईन. तोवर इंजिन गार झालं तर बघू. सुनेने आत जाऊन टेबलफॅन आणला, शिंपी पाण्याची बादली घेऊन धावला. पाणी ओतलंत तर लोखंड तडकेल, असं परीक्षकांनी दटावलं तेव्हा शिंप्याने ते झाडाला घातलं. निघताना परीक्षकांनी वहीतून कागदाची एक पट्टी फाडली, किकेच्या दांड्यापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत चिकटवली आणि तिच्यावर सही केली.

“ही पट्टी फाटलेली दिसली तर मी माझ्या गाडीवरून उतरणारसुद्धा नाही,” असं म्हणून ते गेले.

आता गाडी गुपचूप गरम करून ठेवायची सोय काकूंना उरली नव्हती. दुपारभर इंजिन गार होत गेलं. काकांना ते लवकर गार व्हायला हवं होतं, काकूंना ते होऊच नये असं वाटत होतं, आणि दोघंही दर पंधरा मिनिटांनी येऊन त्याला हात लावून जात होते. जेवताना काकू पुन्हा बटणाचा विषय काढू पाहत होत्या. वन्संनी मध्येच तोंड घातलं.

“बाळ, बायको काहीतरी सांगतेय. जन्मात एकदा तरी ऐक.”

“ऐकतोय की,” काका म्हणाले. पण ऐकत होते असं काही दिसलं नाही. ते खुर्चीवर बसल्या बसल्या टेबलाखाली उजवा पाय हलवत होते, आणि अधूनमधून नडगी चोळत होते.

चारला पाच मिनिटं कमी असताना निम्मी गल्ली अंगणाच्या कठड्याशी उभी होती. परीक्षक आले. पट्टी शाबूत होती. त्यांनी इंजिनाला हात लावला, मान डोलावली, बॅटरी लावून टाकीत डोकावले, गंज नाही असं लिहिलं. मग पट्टी सोडवली आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

काका गाडीवर चढले. त्यांनी कॉक उघडला, हँडल पकडलं, डोळे मिटले. काकूंनी नकळत उजव्या पायाचा बूट जमिनीवर दाबला. काकांनी किक मारली, पण पाय मध्येच असा उचलला, जणू निखाऱ्यावर पडला असावा. गाडीने साधी दखलही घेतली नाही.

“एक,” परीक्षक म्हणाले.

कठड्याशी कुजबुज झाली. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसरी किक मारायची वेळ आली होती. काकांनी कपाळ पुसलं. या वेळी त्यांनी जोर लावला आणि पाय शेवटपर्यंत नेला. आतून नुसतं ‘खस्स’ झालं.

“दोन.”

काका तिसऱ्या किकेसाठी पाय उचलणार, तोच काकूंच्या तोंडून निघून गेलं:

“अहो थांबा, ती कोरडी आहे. तिचा आवाज ओला नाही.”

परीक्षकांनी काकूंकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग टाकीचं झाकण उघडून पुन्हा आत पाहिलं. मघाशी ते गंज शोधत होते, पेट्रोल शोधत नव्हते. टाकीत ठणठणाट होता. आणि असणारच. कपभर पेट्रोल आणि एका सकाळी तीन जण. शिंप्याने कपाळावर हात मारून घेतला, कारण दहा मिनिटं त्याची होती. मग तोच पळत गेला, आपल्या स्कूटरमधून नळीने पेट्रोल काढून मशीनच्या तेलाच्या बाटलीत भरून घेऊन आला. परीक्षकांनी ते घालू दिलं, पण दोन किका त्या दोनच, असं बजावलं.

आता एकच उरली होती. दीपगृह, समुद्र, ती चाळीसावी जागा, सगळं त्या एका किकेला लटकलं होतं. काका गाडीवर बसले. बसले आणि बसूनच राहिले. मग खाली उतरले. परीक्षकांजवळ जाऊन त्यांनी नियमांचा कागद मागितला आणि जन्मभर दस्तऐवज वाचलेल्या माणसाच्या शांतपणाने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“यात लिहिलंय, की इंजिन तीन किकांत सुरू व्हावे,” काका म्हणाले. “कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.”

परीक्षकांनी कागद घेऊन वाचला. खरंच नव्हतं. काकांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं.

“ये. तू मार.”

“मी?” काकूंचा आवाज इतका निरागस होता, की कठड्यावरून कुणीतरी खोकलं. “मला काय त्यातलं कळतंय?”

“बटण दाब,” काका म्हणाले. “बोटाला पेट्रोल लागेपर्यंत. मग पाय अडतो तिथे थांब. आणि घाबरू नकोस. तू घाबरत नाहीस म्हणा, मीच घाबरतो.”

काकूंनी विचारलं, की तुम्हाला कुणी सांगितलं.

“पेपरचं दुकान दोन मिनिटांवर आहे,” काका म्हणाले. “वीस मिनिटं तिथे काय करत होतो मी? तुझा आवाज संथ होईपर्यंत कोपऱ्यावर उभा असतो. तुझा म्हणजे हिचा.” त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. “पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण तू इतक्या चोरून करायचीस, की मला काही बोलवेना.”

“आणि आज न्हाव्याकडे?”

“सकाळी कोपऱ्यावर ट्रकच्या गोंगाटात तुझा आवाज ऐकूच आला नाही. तू हुकूम पाळलास की काय, ही भीती. म्हणून अंघोळीलाही वेळ लावला. तरी धीर धरवेना, म्हणून पुन्हा गेलो.” काकांनी डोक्यावरून हात फिरवला. “एकदाच गेलो असतो तर बरं झालं असतं.”

वन्संनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, की मोजणीखात्यात याला कुणी ठेवलं देव जाणे, घरातल्या माणसांचा अंदाज याला कधी आलाच नाही.

काकूंनी बूट घट्ट बांधले. कॉक बघितला. बटणावर बोट ठेवलं, ओलावा आला तसा तो सवयीने कपड्याला न पुसता सीटच्या कडेला पुसला. सीटच्या त्या जागी एक जुना काळसर डाग होता. काका इतकी वर्षं तो रोज बघत होते आणि कधी पुसत नव्हते. काकूंनी किक हळूच खाली नेली, थांबल्या, वर घेतली. मग त्यांनी शरीराचा सगळा भार त्या पायावर टाकला.

गाडी एकदा खाकरली आणि बोलू लागली. आधी धापा टाकत, मग जरा ठीक. कठड्याशी टाळ्या वाजल्या, शिंपी तर बाटली हातात घेऊन नाचला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं नाही, कागद पाहिला नाही. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. काकूंनी पाच मिनिटं गाडी तशीच ठेवली, आवाज संथ झाला तशी बंद केली आणि बाजूला झाल्या. मगच काकांनी चढून एक किक मारली. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली.

“बघितलंत?” काका परीक्षकांना म्हणाले. “पहिल्या किकला.”

परीक्षकांनी वहीत चाळीसावं नाव लिहिलं. चालक म्हणून काकांचं. मग त्याच ओळीत त्यांनी काकूंचंही नाव लिहिलं. मंडळाच्या छापील तक्त्यात तसा रकाना नव्हता. तो त्यांनी पट्टीने आखून घेतला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता काका नेहमीसारखे चपला घालू लागले. काकू म्हणाल्या, की आता कशाला उगाच कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं, बसा की इथेच खुर्चीवर.

“मग पेपर कोण आणणार?” काका म्हणाले आणि गेले.

काकूंनी बूट चढवले. गाडी सुरू केली आणि अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. काका दुकानाच्या पायरीशी पेपर चेहऱ्यापुढे धरून उभे होते, अगदी वाचनात बुडाल्यासारखे. काकूंनी डोळे बारीक करून नीट पाहिलं. पेपर उलटा होता.